ताळेबंदाबाहेरचं जंगल

मॅडम,

सिंदेवाहीला, तुम्ही गेल्यानंतरचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. तेव्हा तुमच्या धाकट्या बहिणीनं, रत्नाताईंनी, मला मागच्या अंगणात बोलावलं आणि सरळच विचारलं, "तू आन् शीला भांडल्या होत्या म्हन्ते. खरं काय?"

मी म्हटलं, "हो ताई. कितीतरी वेळा."

"तसं नाई. एकदा लई भांडल्या होत्या. दोन दिवस धड जेवली नाई ते. मी इचारलं तं म्हने, पोरगी कामाचं बरोबर बोलत होती, पन एक वाक्य मले लागलं. काय बोलली होती वं तू?"

मी रत्नाताईंना काही सांगितलं नाही. अंगणात बाया भांडी घासत होत्या, आणि ते वाक्य चारचौघींत पुन्हा तोंडातून काढायची माझी हिंमत नव्हती. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. मराठीतच लिहिते. तुम्ही आमच्या गावात कितीदा राहिलात, पण ‘जोहार’ सोडून गोंडीचा एक शब्द तुमच्या तोंडात टिकला नाही.

चामोर्शीच्या कॉलेजात मी वाणिज्य शाखा निवडली नव्हती, हे तुम्हाला मी फार उशिरा सांगितलं. कला शाखेच्या जागा भरल्या होत्या, म्हणून ऑफिसातल्या बाबूनं माझं नाव तुमच्या यादीत घातलं. पहिल्या चाचणीत मला तीन मार्क मिळाले. तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. मला वाटलं, आता घरी पाठवणार. तुम्ही डबा उघडला, अर्धी भाकर माझ्याकडे सरकवली आणि विचारलंत, "तुह्या गावात तेंदूपानाच्या पुड्याईचा हिशेब कोन ठेवते?"

"ठेकेदाराचा मुनशी," मी म्हटलं.

"आन् तुही माय?"

"तिच्या ध्यानात असते. तिला लिहिता येत नाही."

"मुनशीच्या वहीत आन् तिच्या ध्यानात फरक पडते काय?"

"दरसाली. वहीत कमी असतात."

तुम्ही घास थांबवलात. "मंग कोन बरोबर?"

"आई," मी म्हटलं. त्या खोलीत मी मोठ्यानं बोललेला तो पहिला शब्द असेल.

"मंग तिचं ध्यान कागदावर आनाले शिक. तीन वर्षं आहेत तुह्यापाशी."

मी शिकले. पुढे हैदराबादला एका हिशेब तपासणाऱ्या फर्ममध्ये लागले. परदेशी कंपन्यांच्या इथल्या शाखांचे हिशेब आंतरराष्ट्रीय लेखा मानकांप्रमाणे बसवायचे, हे माझं काम. दर रविवारी तुमचा फोन यायचा. कशी आहेस हे नंतर; आधी, "नवा नियम कोन्ता आला?" सिंदेवाहीच्या झेरॉक्सवाल्याकडून तुम्ही ती मानकं छापून, स्पायरल करून घेतली होती. निवृत्त बाईंना हे कशाला लागतं, असं तो मला एकदा खोदून विचारत होता. तुमचा त्या मानकांवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. तुम्ही म्हणायच्यात, "अंधारात कोन पैसा टाकन? आपल्यासारख्या देशाचा हिशेब तिकडच्या मानसाले वाचता आला पाह्यजे. मंगच तो पैसा इकडं येईन. आन् वाचता आला म्हंजे आपल्यालेबी त्याचा हिशेब वाचता येईन, हे इसरू नको."

हे आधी सांगते, कारण नंतर गावागावांत लोक म्हणू लागले की मास्तरीनबाई परदेशी पैशाच्या विरुद्ध होत्या. तुम्ही नव्हता. माझं तुमच्याशी भांडण झालं ते तुम्ही त्या मानकांवर माझ्याहून जास्त प्रेम करत होता म्हणून.

आमच्या भागातल्या बारा ग्रामसभांनी एकत्र येऊन आपापल्या जंगलातला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली आणि मला घरी बोलावणं आलं. हिशेब ठेवायला माणूस हवा होता. मी हैदराबाद सोडलं. तीन वर्षांनी ठरलं की नुसता बांबू विकण्यापेक्षा त्याच्या पट्ट्या, फळ्या करणारा कारखाना आपणच काढावा. कारखान्याची वेगळी कंपनी, तिच्यात निम्म्याहून जास्त भाग गावांचा. बाकीचे पैसे घालायला युरोपातला एक गुंतवणूक फंड तयार झाला. त्यांची अट एकच होती: ग्रामसभांच्या महासंघाचे तीन वर्षांचे हिशेब आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे हवेत.

मला केवढा आनंद झाला होता, मॅडम. इतकी वर्षं परक्या कंपन्यांसाठी जे केलं ते आता आपल्या माणसांसाठी करायचं! दीड महिना मी गावातल्या एका खोलीत बसून ताळेबंद तयार केला. मालमत्तेच्या बाजूला आमच्याकडे होतं काय? दोन ट्रॅक्टर, एक गोदाम, बँकेतली थोडी शिल्लक. आणि मग मी बारा गावांच्या जंगलातला उभा बांबू लिहिला. शेतात किंवा बागेत जोपासलेल्या जिवंत झाडांची आज विकली तर काय किंमत येईल ती ताळेबंदात लिहायची, असं एक मानक आहे. त्या आधारानं मी लिहिला. आकडा इतका मोठा झाला की रकाना रुंद करावा लागला. तो छापलेला कागद मी आईला दाखवला. तिला वाचता येत नाही, पण ती शून्यांवरून बोट फिरवत राहिली.

तोच कागद घेऊन मी सिंदेवाहीला तुमच्याकडे आले. शाबासकी घ्यायलाच आले होते.

तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलंत. मग पेन्सिल घेतली आणि जंगलाच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली.

"मॅडम, मानकात बसतं," मी म्हटलं. "आम्ही नुसतं तोडत नाही. वणवा येऊ नये म्हणून जाळरेषा काढतो, कोवळे कोंब राखतो, पाळीपाळीनं तोडतो. ही जोपासनाच झाली."

"बसत असन. पन हे अख्खं जंगल उद्या इकता येते का तुले?"

"नाही."

"गहान ठेवता येते?"

"नाही. कायद्यानं हक्क गावाचा आहे, तो विकता येत नाही."

"मंग जे इकता येत नाई, त्याची इकाची किंमत कोनासाठी लिव्हून राह्यली तू?"

"फंडासाठी. आमच्यामागं काही आहे हे दिसल्याशिवाय ते एवढा पैसा घालणार नाहीत."

"दिसू दे नं. खाली टिपेत लिव. बांबूची किती बेटं आहेत, कोन राखते, दरसाली किती तोडते, सारं लिव. ताळेबंदात नको. आज मालमत्ता म्हून लिव्हलं, तं उद्या कोनीतरी येऊन म्हनन, तुमच्यापाशी एवढं आहे, मंग आमच्या पैशाच्या बदल्यात तेच द्या."

तुमचं बरोबर होतं की माझं, हे त्या वेळी मला दिसतच नव्हतं. मला फक्त ती रेघ दिसत होती. आईनं बोट फिरवलेल्या शून्यांवरची. आणि मी बोलून गेले, "तुमच्या लोकांना कागदानं वर आणलं. आता आमचा आकडा कागदावर मोठा दिसला, की तुमच्या हाताला पेन्सिल येते."

हे ते वाक्य. तुमच्या वडिलांनी दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवण्या करून तुम्हाला शिकवलं होतं. तुमच्या घरात बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आलेलं पहिलं पुस्तक अजून कपाटात होतं, तुम्ही ते मला हातात घेऊ दिलं होतं. हे सगळं ठाऊक असून मी तसं बोलले.

तुम्ही पेन्सिल डबीत ठेवलीत. डबी बंद केलीत. म्हणालात, "चाय घेतं काय?"

मी चहा न घेता निघाले. बसस्टँडपर्यंत जाताना मला वाटत होतं मी जिंकले. बस मूल गावाला पोचेपर्यंत तसंच वाटत होतं. पुढं नाही.

त्यानंतर वीस दिवस तुमचा फोन आला नाही, म्हणजे दोन-तीनच रविवार कोरडे गेले. मला मात्र ते पुष्कळ वाटले.

तो ताळेबंद फंडाकडे पाठवण्याआधी ग्रामसभेपुढे वाचायचा होता. आमच्या गावात गोटूलमध्ये, गावाच्या सभाघरात, सभा भरली. दुपार होती. मी बोलायला उभी राहणार तेवढ्यात छत्री मिटत तुम्ही आत आलात. फाट्यावर बस सोडून उन्हात चालत आलात, कॅनव्हासचे बूट लाल धुळीनं भरलेले. मी चमकले. आईकडे पाहिलं तर ती दुसरीकडे बघत होती. फोन तिनंच केला होता. तिची तोडकी मराठी आणि तुमची अजिबात नसलेली गोंडी, दोघी काय बोललात कोण जाणे. मी आजपर्यंत तिला विचारलेलं नाही.

मी आकडा वाचून दाखवला. सभेत कुजबुज झाली, कोणी हसलं. मग गावाचे अध्यक्ष दसरूदादा तुम्हाला म्हणाले, "मास्तरीनबाई, तुमाले का म्हनाचं आहे?"

मला वाटलं, तुम्ही माझ्या चुका सांगणार. तुम्ही तुमची सांगितलीत.

"मी तुमच्या पोरीले हिशेब शिकवला," तुम्ही म्हणालात. "पन मी सोता एकदा मोठी चूक केली. मी तरुन होती. सागाची बाग लावनारी एक कंपनी आली होती. आज पैसे भरा, वीस वर्षांनं झाडं इकून कितीतरी पटीनं देऊ. माह्या बहिनीनं मले इचारलं, तू हिशेब शिकवतं, तूच पाहून सांग. मी त्याईचा ताळेबंद वाचला. लई देखना होता. दरसाली झाडाईची किंमत वाढलेली, नफा वाढलेला, खाली सही-शिक्का. मी म्हनलं, भर. तिनं पोरीच्या शिक्षनासाठी ठेवलेले भरले. माह्या कॉलेजातल्या लोकाईनं भरले. सारे माह्या भरोशावर."

कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. तुम्ही घेतला नाही.

"मंग एका साली चिठ्ठी येनं बंद झालं. मी अन् बहीन बस धरून ते बाग पाहाले गेलो. तारेचं कुंपन होतं. आत ढोरं चरत होती. गुडघ्याएवढी चार झाडं होती, तेबी वारलेली. मी ताळेबंद दहादा वाचला होता. झाडं पाहाले एकदाबी गेली नव्हती. माही बहीन मले एक शब्द बोलली नाई. ते बोलली असती तं बरं झालं असतं."

मी तुमच्याकडं बघू शकत नव्हते. एवढ्या वर्षांत तुम्ही हे मला सांगितलं नव्हतं, आणि आता पन्नास परक्या माणसांपुढे सांगत होता.

"तुमचं जंगल खोटं नाई," तुम्ही शेवटी म्हणालात. "खरंच आहे. पन कागदावरच्या झाडाचं एक वाईट असते. पाहाले न जाताबी त्याची किंमत वाढते."

दसरूदादांनी मला विचारलं, "पोरी, जंगल जरलं तं हा आकडा कमी होईन?"

"होईल, दादा."

"आन् वनवा आपन रात-दिवस खपून इझवला तं वाढन?"

"नाही. आहे तेवढाच राहील."

ते हसले. "मंग ह्या आकड्याले आपलं काम दिसतच नाई."

आणि माझी आई, जिनं त्या शून्यांवरून बोट फिरवलं होतं, उठून उभी राहिली. "लिव्हाचं का नाई ते मंग ठरवा. आंधी मोजून तं येऊ."

तीन दिवस आपण आमच्या गावाच्या जंगलात मोजत होतो, मॅडम. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ होता असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, पुरावा दाखव. बायांनी गेरूच्या पाण्याची मडकी घेतली, मोजलेल्या प्रत्येक बेटाला एक बोट लावायचं. तुमच्याकडे वही. तुम्ही बायांशी बोलायला लागायच्यात आणि गणती विसरायच्यात. "बावन्न का त्रेपन्न वं?" माझी आई न बघता सांगायची, "चोपन." एका ठिकाणी बाया थांबल्या. ओढ्याच्या पलीकडची बेटं मोजायची नाहीत, म्हणाल्या. ती पेनाची, देवाची जागा आहे, तिथं कोणी कोयता लावत नाही. मला वाटलं तुम्ही अडून बसाल, कारण गणतीत फट राहते. तुम्ही वहीत एक नवा रकाना आखलात आणि वर लिहिलंत: ‘न तोडायची’. आणि लांबूनच, ओढ्याच्या अलीकडून, बोटानं मोजलीत.

मग बाकीच्या गावांनीही तसंच मोजलं. शेवटी ग्रामसभांनी ठरवलं ते तुमच्या बाजूनं. जंगल ताळेबंदात गेलं नाही. खाली दीड पानाची टीप गेली. बेटं किती, न तोडायची किती, पाळी कशी, राखतं कोण. आणि शेवटी एक वाक्य, की हे जंगल गावांचं आहे, ते विकता किंवा तारण ठेवता येत नाही, आणि कंपनीचं काहीही झालं तरी कोणाच्याही पैशापोटी ते जाणार नाही.

फंडाकडून पाहणीला वांजिरू आली. केनियाची, माझ्याच वयाची. तिला ताळेबंद लहान बघून आश्चर्य वाटलं नाही; तिनं आधी टीप वाचली होती. म्हणाली, तिच्या आजीकडे चहाचा लहानसा मळा होता. त्यांच्याकडच्या मोठ्या चहा कंपन्यांना एके काळी झुडपांची किंमत दर वर्षी नव्यानं लिहावी लागायची. झुडूप तेच, चहा तोच, पण बाजारभाव हलला की कंपनीचा नफा उड्या मारायचा. पुढं तो नियम बदलला. "आजी विचारायची," ती म्हणाली, "पानं तर मी तेवढीच खुडली, मग कंपनी यंदा श्रीमंत कशी झाली?"

तुम्ही खूप हसलात. मग तुमच्या त्या सिंदेवाहीच्या इंग्रजीत तिला म्हणालात, "तुझा साहेब विचारेल, कारखाना बुडाला तर आपल्या हातात काय? त्याला आत्ताच सांग: शेड आणि यंत्रं. जंगल नाही. पैसे घालायच्या आधी सांग, नंतर नको."

वांजिरूनं ते शब्द न शब्द लिहून घेतलं.

त्यानंतर चार महिने उत्तर नाही. तुम्ही म्हणायच्यात, "पळाले असतीन." तुमच्या आवाजात थोडी भीतीही होती, ती मला ऐकू यायची. मग उत्तर आलं. ते येणार होते, पण ठरल्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांनी. दोनऐवजी एकच यंत्र. शेड अर्धी. बारापैकी तीन गावांत लोक उघड बोलू लागले की मास्तरीनबाईनं आपला पैसा घालवला. मी तुमची बाजू घेतली, पण जेवढ्या जोरानं घ्यायला हवी होती तेवढ्या जोरानं नाही. हेही सांगून टाकते.

शेड उभी राहिली. धानोऱ्याच्या रस्त्याला आजही उभी आहे, आणि आता पूर्ण आहे. दुसरं यंत्र आम्ही स्वतःच्या कमाईतून घेतलं. तिथं पट्ट्या काढणाऱ्या मुलींना यंत्राच्या आवाजात एकमेकींशी ओरडून बोलायची इतकी सवय झाली आहे, की गावातही त्या ओरडूनच बोलतात.

आणि मग ते झालं, ज्याची तुम्ही भीती घातली होती. त्या फंडानं आपला भाग दुसऱ्या एका फंडाला विकला. हे चालतंच, पैसा तसाच फिरतो. नव्यांचा वकील मुंबईहून आला. बसल्याबसल्या पहिला प्रश्न: "या जंगलावर कंपनीचा हक्क नेमका काय आहे?" मी टीप काढून शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं, तारीख पाहिली, सह्या पाहिल्या. भाग विकणाऱ्या आधीच्या फंडानं हे मान्य करूनच पैसे घातले होते. त्यानं फाइल मिटली आणि कँटीन कुठं आहे विचारलं. एवढंच झालं. कोणी भांडलं नाही, कोर्टात गेलं नाही, वर्तमानपत्रात आलं नाही.

मी बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला. सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "जेवली का?"

मी तेव्हा म्हणायला हवं होतं. पेन्सिलीबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं, आणि बोलताना मला ठाऊक होतं ते खोटं आहे. फोनवर जीभ रेटेना. भेटल्यावर म्हणेन असं वाटलं. भेटल्यावर आपण नव्या भांडणाला लागलो. मॅडम, मला माफ करा. रत्नाताईंना पुढच्या वेळी मी सगळं सांगणार आहे, वाक्यासकट.

नवं भांडण तर आपलं मिटलंच नाही. दसरूदादांनी काढलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. दर उन्हाळ्यात बाराही गावं जाळरेषा काढतात, पहारे देतात, वणवे विझवतात. त्याची मजुरी मी खर्चात टाकायचे, आणि दर वर्षी महासंघ तोट्यात दिसायचा. मी म्हणत होते, हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. परदेशी माणूस यंत्रात पैसे घालतो ती गुंतवणूक, आणि आमच्या बाया जंगलात उन्हाळा घालतात तो खर्च? तुम्ही म्हणायच्यात, "ज्याच्या बदल्यात हातात काय आलं ते दाखवता येत नाई, तो खर्च. नियम आहे." एकदा मी चिडून म्हटलं, हातात न जळलेलं जंगल आलं. तुम्ही स्पायरल केलेली मानकं उघडलीत आणि मिटलीत. मग म्हणालात, "पुढल्या साली पाहू."

या पावसाळ्याच्या शेवटी मी आले तेव्हा तुम्ही खाटेवर होता. श्वास पुरत नव्हता, तरी वाद पुरत होता. "तू बरोबर असशीन," तुम्ही म्हणालात. "पन मले पटत नाई. आन् मले पटवून का करतं? नियम मी लिव्हतो का? ज्याईनं लिव्हले त्याईले पटव."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. उशाखालून चष्मा काढलात आणि मला समजावून सांगितलंत, की मानकं ठरवणारी माणसं नवा नियम करण्याआधी जगाला विचारतात; कोणीही पत्र लिहू शकतं, आणि आलेली पत्रं सगळ्यांना वाचायला ठेवतात. हे मला माहीत होतं. हैदराबादेत आमची फर्म लिहायची. आमच्या गावानं लिहावं, हे मात्र माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

गोटूलमध्ये बसून पत्र झालं. बाया गोंडीत सांगत गेल्या, मी मराठीत उतरवलं, मग इंग्रजीत. मसुदा घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही पेन्सिल मागितलीत. पहिल्याच ओळीवर थांबलात. मी लिहिलं होतं: ‘आम्ही दुर्गम भागातले गरीब आदिवासी नम्रपणे विनंती करतो की...’

"हे काऊन?" तुम्ही विचारलंत. "पत्र लिव्हून राह्यली का अर्ज?"

रेघ मारलीत. त्या जागी लिहिलंत: ‘आम्ही बारा गावं एक जंगल राखतो आणि त्याचे हिशेब ठेवतो.’ बाकी पत्राला तुम्ही हात लावला नाहीत. माझा मुद्दा तुम्हाला शेवटपर्यंत पटला नव्हता, तरी त्यातली एक कमकुवत ओळ दाखवून ती घट्ट करायला लावलीत. या रेघेनंतर मी चहा घेतला. दोनदा घेतला.

पत्र गेलं. अकरा दिवसांनी रत्नाताईंचा फोन आला.

मॅडम, परवा ते पत्र दिसलं. मानकं ठरवणाऱ्यांच्या यादीत, सगळ्या जगाला वाचता येईल असं. मी मोबाइल घेऊन धावत शेडमध्ये गेले. मुलींनी यंत्र बंद केलं, गावातून बाया आल्या, दसरूदादा आले. मी आमच्या गावांची नावं वाचून दाखवली. आईनं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "आपल्या वरतं कोनाचं नाव आहे?"

"एक बँक आहे. मोठी. लंडनची."

"आन् खालतं?"

"तेलाची कंपनी."

आईनं बोट लावून पाहिलं, बँक, आम्ही, तेल कंपनी. सगळी अक्षरं एकाच मापाची होती. तिनं विचारलं, "त्याईचं पत्र तुले वाचता येते का?"

मी म्हटलं, येतं.

"मंग बस," ती म्हणाली, आणि सगळ्या बाया पट्ट्यांच्या ढिगाऱ्यावर बसल्या. "वाच. पाहू त्याईनं का म्हनलं ते."

मी बँकेपासून सुरुवात केली.